शुक्रवारचा आकडा

शुक्रवारी चारच्या ठोक्याला त्या प्रयोगशाळेत आकडा काढायचा रिवाज होता. तो कोणी घालून दिला होता कोण जाणे, पण चुकवायची कोणाची हिंमत नव्हती. तीन वाजता उंदरांच्या खोलीतून पिंजरेमामा काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन यायचे, साडेतीनपर्यंत मोजणी उरकायची, आणि चारला सर स्वतःची खुर्ची ओढत आणून आकडेबाईच्या पाठीमागे बसायचे. बसले की चष्म्याची काडी तोंडात घालून चोखायचे. ती ओली चुकचुक कानाच्या मागे ऐकत तिने दहा शुक्रवार काढले होते, आणि दहाही वेळा तिला शिसारी आली होती.

आकडेबाई हे तिला तिथे पडलेलं नाव. बाकी सगळे जीवशास्त्रवाले. ही एकटी संख्याशास्त्र शिकलेली. उंदीर कापण्यात, पेशी वाढवण्यात त्या लोकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण समोर दिसणारा फरक खरा आहे की निव्वळ नशिबाचा, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. म्हणून तिला आणून बसवलेलं होतं.

प्रयोग तसा साधा. एका रोगात मूत्रपिंडावर हळूहळू वण धरत जातो, पायांवर सूज चढते, आणि शेवटी मूत्रपिंड काम करायचं थांबतं. सरांना वाटत होतं की दुसऱ्याच एका दुखण्यासाठी वर्षानुवर्षं दिलं जाणारं एक औषध हा वण रोखतं. औषध माणसांच्या अंगवळणी पडलेलं असल्यामुळे उंदरांत गुण दिसायचा अवकाश, शेजारच्या रुग्णालयात रोग्यांवर चाचणी सुरू करायची सगळी तयारी होती. दर आठवड्याला चार उंदरांची एक खेप सुरू व्हायची. दोघांना औषध, दोघांना नुसतं पाणी. चार आठवडे भरले की खेप मारायची, मूत्रपिंडं काढायची, त्यांच्या पातळ चकत्या कापून रंगवायच्या. वण निळा दिसतो. काचपट्टीवर निळा भाग किती, ते मोजायचं आणि आकडेबाईच्या हवाली करायचं.

मग ती तो प्रसिद्ध आकडा काढायची. औषध अगदी कुचकामी असलं तरी केवळ नशिबाने एवढा फरक दिसायची शक्यता किती, ते तो सांगतो. ती शक्यता विसात एकाहून कमी, म्हणजे आकडा ०.०५ च्या खाली आला, की निकाल लक्षणीय ठरतो. मग तो छापून येतो आणि लोक टाळ्या वाजवतात. पण त्यात एक अट असते. उंदीर किती घ्यायचे ते आधी ठरवायचं, आणि तेवढे पुरे होईपर्यंत आकड्याचं तोंड बघायचं नाही. आकडा वरखाली होतच असतो. दर आठवड्याला डोकावत राहिलं आणि मनासारखा दिसला की थांबलं, तर कुचकामी औषधसुद्धा कधी ना कधी पास होऊन जातं.

हे तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना ती हेच शिकवून आली होती. चौथ्या शुक्रवारी तिने तोंडही उघडलं होतं.

"सर, किती उंदीर ते एकदा ठरवून टाकलं असतं, तर..."

"अगं, आपण नुसतं डोकावतोय," सर हसून म्हणाले. "नाडी बघतोय नाडी. खरा हिशोब शेवटी."

तिने मूग गिळले. नोकरी नवी होती, हे एक कारण. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे, पण सांगायलाच हवं. चार वाजता सात माणसं श्वास रोखून तिच्या पडद्याकडे बघत उभी राहायची, आणि ते तिला आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिच्या आकड्यासाठी जीव टाकत होतं.

०.३१ आला, ०.१९ आला. एकदा ०.०७ पर्यंत खाली येऊन पुन्हा ०.१२ वर गेला, तेव्हा खोलीत सुतक पडल्यासारखं झालं. दहाव्या शुक्रवारी, चाळीस उंदीर झाल्यावर, ०.०४१ आला.

सरांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात आपटले. "सुंदर! बस्स! थांबा आता!" कुठून तरी केक आला. सरांनी बोटावरचं क्रीम नीट चाटून घेतलं आणि त्याच बोटांनी तिच्या पाठीवर शाबासकी दिली. तिचा कुडता तिथे ओला झाला. घरी जाऊन तिने तो धुतला, पण केकचे मात्र दोन तुकडे खाल्ले होते.

रविवारी जेवायला वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे तिची मोठी नणंद. पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षं बसलेली बाई, आवाज खणखणीत, माणसं पारखण्यात पटाईत. हाच वणाचा रोग त्यांना चार वर्षांपूर्वी जडला होता. रोजच्या गोळ्यांनी तो जागच्या जागी थांबवून ठेवला होता, पण त्या गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झालेला, हात थरथरायचे. खिडकीपलीकडची माणसं त्यांना ओळखेनाशी झाली, म्हणून त्यांनी घरातले आरसे खालच्या बाजूला लावून घेतले होते, चेहरा दिसणार नाही इतके.

नवऱ्याने बायकोचं कौतुक सुरू केलं. "ताई, हिचा आकडा आला बरं का!"

"कसला गं आकडा?"

तिने सांगितलं. जरा जास्तच रंगवून सांगितलं.

वन्संनी घास ताटात ठेवला. "म्हणजे लागू पडतं ते औषध?"

क्षणभर तिच्या जिभेवर खरं उत्तर आलंही होतं. पण सगळे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "दिसतंय तरी तसं, वन्सं."

महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. वन्संनी कोणाला न विचारता रुग्णालयात जाऊन चाचणीत नाव घातलं. अट अशी होती की नवं औषध सुरू करायच्या आधी जुन्या गोळ्या पूर्ण बंद करायच्या. गोळ्या दहा दिवसांनी, सोमवारपासून बंद होणार, असं नवऱ्याने सांगितलं तेव्हा तिने विषय बदलला. आणि दुसरं म्हणजे, सरांनी लेखाचा मसुदा वाचायला दिला. लेखकांत तिचं नाव तिसरं होतं. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: उंदरांची संख्या, चाळीस, संख्याशास्त्रीय गणिताने प्रयोगाआधीच निश्चित करण्यात आली होती.

तिने ते वाक्य तीनदा वाचलं. मसुद्याला सरांची पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती: 'चाळीस येतील असं गणित बसवून दे. आजच.' म्हणजे उत्तर हातात घेऊन आता प्रश्न तयार करायचा. दहा शुक्रवार ही घाण नाकासमोर होती, पण तिने नाक दाबलेलं होतं. आता तीच घाण स्वच्छ अक्षरांत, तिच्या नावाखाली, छापून यायची होती.

ती उठली आणि खालच्या मजल्यावर, उंदरांच्या खोलीत गेली. तिथे ती सहसा जात नसे. लघवीने भिजलेला लाकडाचा भुसा आणि त्यावर मारलेलं जंतुनाशक, असा दुहेरी वास दारातच घशात बसायचा. पिंजरेमामा हातमोजे घालून पिंजरे विसळत होते. तीस वर्षं उंदरांत काढलेला माणूस. बोलायचे कमी, लिहून ठेवायचे सगळं.

"मामा, दहावी खेप संपली तेव्हा पुढच्या खेपा चालू होत्या ना?"

"होत्या की. तीन. बारा उंदीर." मामांनी मान वर केली नाही. "सर म्हणाले, आता गरज नाही, टाकून द्या."

"दिलेत?"

"औषध चालू केलेला उंदीर मी अर्ध्यात सोडत नाही, बाई. मारायचाच आहे तर निदान त्याचं काम तरी पुरं होऊ दे. तिन्ही खेपांना चार-चार आठवडे भरू दिले." त्यांनी हात पुसले आणि कपाटाच्या तळाशी बोट दाखवलं. "मूत्रपिंडं काढून ठेवलीत. बारा बरण्या. कोणी विचारलंच नाही."

बरण्यांत पिवळट पाण्यात घेवड्याच्या दाण्यांसारखी मूत्रपिंडं तरंगत होती. आतापर्यंत तिच्या दृष्टीने उंदीर म्हणजे तक्त्यातली एक ओळ होती. बारा ओळी कचऱ्यात टाकायला निघालेल्या माणसाने केक कापला होता, आणि तिने तो खाल्ला होता, हे आठवून तिला तिथेच कोरडी ओकारी आली. मामांनी प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवलं.

"मामा, चकत्या कापून द्याल? आणि लेबलं झाका. औषधाचा कुठला, पाण्याचा कुठला, ते मला कळता कामा नये."

"सरांना विचारलंय?"

"नाही."

मामांनी कपाट बंद केलं. "मंगळवारी या," ते म्हणाले.

मंगळवारी आणि बुधवारी दुपारच्या सुट्टीत तिने बारा उंदरांच्या काचपट्ट्या स्वतः मोजल्या. मग मामांनी आपली वही उघडून कुठला कोण ते सांगितलं. औषध घेतलेल्या सहांमध्ये पाणी प्यायलेल्या सहांपेक्षा निळा भाग उलट किंचित जास्तच होता. बावन्न उंदरांचा मिळून आकडा आला ०.१६.

तेवढ्यावर ती थांबली नाही. तिने संगणकाला दहा हजार खोटे प्रयोग करायला लावले. प्रत्येकात औषध अगदी कुचकामी, आणि प्रत्येकात सरांसारखंच दर शुक्रवारी डोकावायचं. दहा शुक्रवारांच्या आत दर पाचातला जवळपास एक प्रयोग 'लक्षणीय' ठरला. विसातला एक म्हणून जगाला सांगायचं, आणि प्रत्यक्षात पाचातला एक. औषध वाईट आहे, असं याने सिद्ध होत नव्हतं. ते चांगलं आहे की नाही, याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, एवढंच सिद्ध होत होतं. आणि त्या 'काहीच ठाऊक नाही'वर माणसं हातातलं औषध सोडायला निघाली होती.

गुरुवारी ती कागद घेऊन सरांच्या खोलीत गेली. सरांनी कागद वाचले, काडी चोखली, आणि कागद उलटा ठेवला.

"ही कुठली खेप?"

"शेवटच्या तीन. टाकून द्या म्हणालात त्या."

"हां, त्या." सर हळहळले. खरंच हळहळले, हे विशेष. "त्या वेळी खाद्य बदललं होतं गं. त्या धरताच येत नाहीत."

"मामांच्या वहीत खाद्य तेच आहे."

"मामा आता वहीवरून विज्ञान शिकवणार का आपल्याला?" सर हसले. मग आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघ, तू हुशार आहेस. पण उगाच नाकाने कांदे सोलू नकोस. सगळ्या प्रयोगशाळा हेच करतात. औषधात दम आहे, मला आतून माहीत आहे. आकडा काय, लोकांची तोंडं बंद करायला लागतो."

"आतून माहीत आहे तर उंदीर कशाला मारले?"

सरांचा चेहरा पहिल्यांदा ताठ झाला. "नाव नको असेल तर काढतो तुझं. सक्ती नाही. गणित काय, कोणीही बसवून देईल."

"काढा."

"सुंदर," सर म्हणाले, आणि तिच्यासमोरच मसुद्यावरचं तिसरं नाव त्यांनी सरळ रेघेने कापलं. पान उलटायला बोटाला थुंकी लावली. ०.०४१ दुसऱ्या पानावर जसाच्या तसा होता.

बाहेर पडताना तिला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. नाव काढून घेतलं, हात स्वच्छ झाले. आज गुरुवार, वन्संच्या गोळ्या सोमवारपासून बंद होणार. मधले चार दिवस हातात होते. ती तशीच पोस्ट सुटायच्या वेळेला वन्संच्या घरी गेली.

दार उघडलं, तेव्हा क्षणभर तिने वन्संना ओळखलं नाही. गाल उतरले होते. हनुवटी दिसत होती. दारासमोरच्या भिंतीवर आरसा पुन्हा उंच टांगलेला होता.

"बघत काय बसलीस? मीच आहे," वन्सं खळखळून हसल्या. "आज खिडकीवर एक जण म्हणाला, बाई, तुम्ही रजेवर होता का इतके दिवस? चार वर्षांची रजा, म्हटलं!"

"वन्सं, गोळ्या तर सोमवारी बंद होणार होत्या ना?"

"सोमवारी सगळ्यांच्या. मी म्हटलं डॉक्टरांना, कमी तर करायच्याच आहेत, मग माझ्या आधीच करा. तीन आठवडे कमी करत आणल्या, आज पाच दिवस झाले, एकसुद्धा नाही." त्या पाय पुढे करून खुर्चीत बसल्या. "ते म्हणाले, एवढी घाई का? मी सांगितलं, घरचं माणूस आहे तिकडे. आकडा तिनेच काढलाय."

आकडेबाईचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. घोटे चपलेच्या पट्ट्यांवरून ओघळल्यासारखे फुगले होते. ती खाली बसली आणि तिने नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. मळलेल्या कणकेत पडतो तसा.

"दिवसभर उभी होते आज," वन्सं म्हणाल्या, पण त्यांचा आवाज उतरला होता.

"तुम्ही खिडकीवर बसून काम करता, वन्सं."

मग तिने सगळं सांगितलं. शुक्रवार, खुर्ची, डोकावणं, बारा बरण्या, ०.१६. ऐकता ऐकता वन्संनी पाय आखडून खुर्चीखाली घेतले.

"मी नाव काढून घेतलंय लेखावरून," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे काय केलंस?"

"म्हणजे... आता त्यात माझा संबंध नाही."

"अंग काढून घेतलंस." वन्संनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं खिडकीवर कोणी खोटी सही घेऊन आला की पाहत असतील. "तुझा संबंध संपला. आणि माझ्याबरोबर रुग्णालयातल्या बाकांवर बसलेली चाळीस-पन्नास माणसं होती, त्यांचा? त्यात एक पोरगी होती, विशीतली. मीच धीर दिला तिला. म्हटलं, घाबरू नकोस, आमच्या घरातल्या बाईने तपासलंय."

सरांच्या बोटांची, त्या काडीची, त्या वासाची तिला इतके दिवस किळस येत होती. आता या स्वच्छ खोलीत तसलं काहीच नव्हतं, आणि तरीही किळस जशीच्या तशी होती.

वन्सं उठल्या. आधी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. सूज आली आहे, चाचणीतून मी बाहेर पडते आहे, आणि गोळ्या आजपासून कशा सुरू करू, एवढं विचारलं. डॉक्टरांनी सांगितलेलं कागदावर उतरवून घेतलं. डबा उघडून गोळ्या मोजून हातावर घेतल्या आणि पाण्याबरोबर गिळल्या. मग टेबलावर कोरे कागद आणि पेन आणून ठेवलं.

"त्या चाचणीवर देखरेख करणारी कुठली समिती असते ना? फॉर्मवर पत्ता आहे. लिही. माझ्यासमोर लिही. उद्या सकाळी मी स्वतःच्या हाताने शिक्का मारून पाठवते."

तिने लिहायला घेतलं. नोकरी जाणार हे उघड होतं. मामांचीही जाईल की काय, या भीतीने मामांचं नाव तिने कुठे घातलं नाही. आकडा कसा काढला ते लिहिलं, बरण्यांचं लिहिलं, चाचणी ताबडतोब थांबवा असं लिहिलं. खाली सही केली, आणि कागद पुढे सरकवला.

वन्संनी चष्मा लावून सावकाश वाचलं. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ती ओळ अशी होती: दर आठवड्याला आकडा पाहणे चुकीचे आहे, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.

"खरंच आलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

तिने कागद परत ओढून घेतला, ती ओळ खोडली, आणि तिच्या वर लिहिलं: पहिल्या दिवसापासून माहीत होते.